आजारी माणसाकडून बोधकथा मागू नका

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेले काही महिने दुखण्यातून उठलेल्या माणसांच्या कहाण्या येतात. मी त्या वाचते. लिहिलेलं चांगलं असतं, फोटोही छान असतात, आणि बोलणारी माणसं खोटं बोलतात असं मला मुळीच वाटत नाही. पण जवळजवळ प्रत्येक कहाणीत एक वाक्य ठरलेलं असतं, "या आजाराने मला माणूस म्हणून घडवलं", आणि बहुतेक वेळा तेच मथळ्यात जातं. सोमवारी त्या पानाचा फोटो कुणाच्या तरी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो, खाली जोडलेल्या हातांची रांग लागते, आणि ज्याच्यासाठी तो टाकला होता तो माणूस आठवड्याभरात माझ्यासमोर बसून विचारतो, "मॅडम, मला तसं काहीच का होईना ओ?"

मी सांगलीच्या विश्रामबागेत मानसोपचार करते. बोलून करायचे ते. गोळ्या लिहून देणारे मनोविकारतज्ज्ञ वेगळे. गरज दिसली की मी माणसाला त्यांच्याकडे पाठवते, ते माझ्याकडे. खाली झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्याला कुणी ओळखीचं भेटलंच तर "झेरॉक्स काढायला आलोय" असं सांगता येतं. ही सोय मी ठरवून केली नव्हती. पण मध्यंतरी जागा बदलायची वेळ आली तेव्हा केवळ तिच्यामुळे बदलली नाही.

माझ्याकडे येणाऱ्यांत बरेचजण शरीराच्या दुखण्याच्या वाटेने आलेले असतात. त्याला कारण शेजारचं मिरज. वानलेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये तिथे दवाखाना उभा केला, तेव्हापासून ते दुखणाइतांचं गाव. अथणी, जमखंडी, विजापूरकडची माणसं येतात, कोकणातली येतात, जत-आटपाडीची तर वडापने, म्हणजे माणसं भरून धावणाऱ्या जीपने, रोज येतात. स्टेशनवरून कुठल्याही रस्त्याला लागा: दवाखाना, मेडिकल, लॅब, लॉज, खानावळ, की पुन्हा दवाखाना. लॉजच्या गॅलरीत वाळत घातलेली इरकली लुगडी दिसली की समजावं, कर्नाटकातला पेशंट आहे आणि मुक्काम लांबलाय.

पुढे ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्यांची परवानगी घेतली आहे, आणि गावं-धंदे इकडचे तिकडे केले आहेत.

तासगाव भागातले एक द्राक्षबागायतदार. आतड्याचा कर्करोग, ऑपरेशन झालेलं, केमो सुरू. धाकट्या भावाने आणून बसवलं, "रात्रभर झोपत नाही, नुसता बागेचा विचार करतोय" ही तक्रार घेऊन. भावाच्या मोबाईलमध्ये आपल्या पुरवणीतलं एक पान होतं. त्यातल्या गृहस्थांनी कर्करोगानंतर धंद्यातून लक्ष काढून जगण्याचा आनंद घ्यायला सुरुवात केली होती. भाऊ बाहेर गेल्यावर हे म्हणाले, "बागेचा विचार सोडून मी करू काय? ऑक्टोबरची छाटणी आणि केमोची तारीख एकाच आठवड्यात आलीय. छाटणी झाली आणि पाऊस लागला तर द्राक्षावर दावण्या, ती बुरशी, येतोय. तेव्हा औषध मारायचं का नाही, मारायचं तर कधी, हे रात्री दोनला ठरवावं लागतंय. भाऊ म्हणतोय, पॉझिटिव्ह रहा."

त्यांची चिंता बरोबर होती. आजारी होतं आतडं. हिशेब करणारं डोकं ठिकाणावर होतं. मग आम्ही काय केलं? पुतण्याला बोलावलं. फवारणीचा निर्णय कोण घेणार, केमोच्या दिवशी आणि त्यानंतरचे तीन-चार दिवस यांना अजिबात फोन करायचा नाही, कृषी सेवा केंद्रातल्या कुणाला विचारायचं, मजुरीचे पैसे कुणाच्या हातात, हे सगळं वहीत लिहून काढलं. पुतण्याला एका बाजूच्या ओळींवर पूर्ण मुभा दिली, ती देताना यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यानंतर झोप सगळी नाही, पण बरीच परत आली. यात मानसशास्त्र किती आणि शेती किती, हे मला सांगता येणार नाही.

सांगलीकराला चिंता करायला कुणी शिकवावं लागत नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्याही वर गेलं होतं. तेव्हापासून जुलै लागला की गावभागातला किंवा कर्नाळ रोडचा माणूस चहाच्या आधी "किती फूट?" विचारतो, कोयनेतून किती क्युसेक सोडलं ते बघतो. पण त्याच्या डोक्यात प्रत्येक फुटाला काम ठरलेलं असतं. इतक्या फुटांना तळमजल्यावरचं धान्य वर, इतक्या फुटांना गाडी पाव्हण्यांच्या दारात, इतक्यांना म्हातारीला घेऊन बाहेर. काम झालं की तो माणूस निवांत जेवतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आजाराच्या चिंतेला अशी रंगवलेली पट्टी नसते. गाठ परत येईल का, या प्रश्नाचं पाणी आज किती फुटांवर आहे, ते कुणीच सांगत नाही. मग माणूस दिवसभर पुलावर उभा राहतो.

म्हणून मी पेशंटला एक कागद देते आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांकडून तो भरून आणायला सांगते. कोणता त्रास झाला तर त्याच दिवशी यायचं? कोणता त्रास किती दिवस टिकला तर फोन करायचा? कोणत्या त्रासाकडे पुढच्या तारखेपर्यंत बघायचंच नाही? घाईत असलेले डॉक्टरसुद्धा हे दोन मिनिटांत लिहून देतात, फक्त विचारावं लागतं. तो कागद फ्रिजवर लागला की दिवसातून वीस वेळा काखेत चाचपणारा हात थोडा कमी जातो. चाचपण्याने गाठ सापडत नाही असं नाही. पण वीस वेळा दाबलं की जागा दुखायला लागते, आणि दुखतंय म्हणजे काहीतरी आहे, हा पुढचा विचार तयारच असतो.

उरलेल्या चिंतेला, म्हणजे जिला काम जोडता येत नाही तिला, वेळ नेमून द्यावी लागते. ऐकणाऱ्याला हे हास्यास्पद वाटतं. मलाही प्रथम वाचताना वाटलं होतं. थॉमस बोर्कोव्हेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर १९८३ मध्ये ही पद्धत मांडली: रोज ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी अर्धा तास फक्त चिंता करायची. दिवसभरात मनात येईल ते टिपून ठेवायचं आणि त्या वेळेवर ढकलायचं. हळदीच्या व्यापारातल्या घरची एक सून, नवऱ्याची किडनी कमी काम करतेय, डायलिसिस लागेल की काय ही धास्ती. तिने साडेपाच ते सहा ही वेळ आणि गच्ची निवडली. सासूबाईंना सांगितलं, वाळवण बघायला जाते. पहिल्या आठवड्यात अर्धा तास पुरेना. पुढे पुढे वीस मिनिटांतच "आता काय तेच तेच" असं वाटून ती खाली यायला लागली. डायलिसिसचा प्रश्न होता तिथेच होता. स्वयंपाक करताना मीठ दोनदा पडायचं, ते मात्र थांबलं.

"विचार करू नकोस" हा आपल्या घराघरांतला सल्ला याच्या बरोबर उलटा. डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये काही विद्यार्थ्यांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, आणि आला तर घंटी वाजवा म्हणाले. घंट्या वाजत राहिल्या. नंतर विचार करायला मोकळीक दिली तेव्हा, आधी मनाई केलेल्यांच्या डोक्यात अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा आलं. आजारी माणसाभोवती बसलेले दहा नातेवाईक दिवसभर त्याला हेच सांगत असतात.

शरीर आणि मन यांच्या सरहद्दीवर आणखी एक प्रकार मी फार पाहते. पलूसकडचा एक तरुण, साखर कारखान्यात कामाला. रात्रपाळीत एकदा छाती धडधडली, हाताला मुंग्या आल्या, वाटलं आता गेलो. सोबत्यांनी उचलून दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल, टू-डी इको नॉर्मल. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ सगळं बघून झालं होतं. झालं नसतं तर मीच आधी पाठवलं असतं, कारण थायरॉईड वाढल्यानेही छाती धडधडते आणि ती धडधड बोलून थांबत नाही. "काही नाही, टेन्शन आहे" म्हणून त्याला घरी सोडलं. आता, काही नाही हे त्याला पटावं कसं? झालं होतं ते खरंच झालं होतं. घाबरला की माणूस भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्याने ओठांना-बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. त्या मुंग्यांना भिऊन श्वास आणखी वाढतो. पाच-दहा मिनिटांत हा चढ उतरायला लागतो, पण तेवढ्यात मरणाची खात्री पटून गेलेली असते. तो गडी नॉर्मल ईसीजी लॅमिनेट करून पाकिटात बाळगायचा. नवा रिपोर्ट आला की चार दिवस बरं, पाचव्या दिवशी शंका: मशीन जुनं असेल तर?

हृदयाच्या डॉक्टरांना विचारून मी त्याला माझ्या खोलीत बसवलं आणि मिनिटभर मुद्दाम भराभर श्वास घ्यायला लावला. बोटांना मुंग्या आल्या. तो माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "हेच की ओ ते!" अजून येतो अधूनमधून. लॅमिनेट केलेला कागद अजून पाकिटात आहे, मी काढायला सांगितलेलं नाही. (वाचकांनी यावरून छातीतल्या दुखण्याला घरच्या घरी मनाचं ठरवू नये. आधी दवाखाना, मग मी.)

आता माझं. काही वर्षांपूर्वी मानेला गाठ आली. सुई घालून नमुना घेतला, आणि रिपोर्ट येईपर्यंत मी जे काही केलं ते वर लिहिलेल्या कुठल्याही पेशंटपेक्षा वेगळं नव्हतं. चिंतेची वेळ मीही नेमली. दिवसा ती चालली, पहाटे तीनला नाही. पहाटे तीनला बोर्कोव्हेक आठवतो, पण त्याचा उपयोग होत नाही. नवरा जागा झाला की चहा करायचा आणि गॅसचा नंबर लावला का, पंपाचं बिल भरलं का, असल्या गोष्टी काढायचा. इतका कंटाळवाणा आधार मला आयुष्यात कुणी दिला नाही, आणि इतका उपयोगीही. "तुम्हाला काय, तुम्ही स्वतःच त्यातल्या" असं म्हणणारी माणसं दिवसा भेटायची. स्वयंपाक येणाऱ्या बाईला भूक लागत नाही, असं काही असतं का?

रिपोर्ट आला. क्षयरोग, गाठीचा. मी सुटकेने रडले, आणि घरच्या एका वडीलधाऱ्या बाईंनी पहिलं वाक्य उच्चारलं, "बाहेर कुठे बोलू नकोस, मुलीचं लग्न व्हायचंय." वानलेसवाडीच्या क्षयरोग्यांच्या दवाखान्याची धास्ती त्यांच्या पिढीच्या हाडात होती, सांगली-मिरज रस्त्यावर तो थांबा आला की त्यांच्या लहानपणी नाकाला पदर लावायचे म्हणे. गाठीचा क्षय एकापासून दुसऱ्याला लागत नाही, हे मी त्यांना पुस्तक उघडून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि माझं ताट वेगळं केलं. क्षयाची नोंद सरकारदरबारी करणं २०१२ पासून बंधनकारक आहे, तेव्हा आरोग्य विभागाच्या ताई चौकशीला घरी आल्या. त्यांची स्कूटी फाटकासमोर दिसू नये म्हणून बाईंनी ती मागच्या बोळात लावायला लावली. ताईंना सवय असावी. न विचारताच लावली.

सहा महिने औषधं. पहिले दोन महिने चार प्रकारची, पुढे तीन. रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते, हे आधी कुणी सांगितलं नसेल तर माणूस हबकतो. सकाळी उपाशीपोटी गोळ्या, त्यानंतर मळमळ, त्यानंतर दहाला पहिला पेशंट. या सहा महिन्यांत माझ्यात काय वाढलं असं आपल्या पुरवणीने विचारलं असतं तर मी प्रामाणिकपणे सांगितलं असतं: वजन. औषधं लागू पडल्यावर भूक आली. बाकी मी चिडकी झाले, दोन मैत्रिणींना फोन करणं सोडलं ते अजून सोडलेलंच आहे. कामात एक बदल झाला. पहिल्या भेटीत मी आता लहानपणाबद्दल विचारण्याआधी, गोळ्या कशाबरोबर घेता, सोबत कोण आलंय, घरी म्हातारं माणूस कुणापाशी ठेवलंय, कुठला हप्ता थकलाय, हे विचारते. याला वाढ म्हणायचं असेल तर म्हणावं. मला ती विनाक्षयाचीही चालली असती.

आघातानंतर माणसं वाढतात, हे मी नाकारत नाही. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये ते मोजण्यासाठी २१ विधानांची प्रश्नावलीच तयार केली. नात्यांतली जवळीक, स्वतःच्या ताकदीची जाणीव, नव्या वाटा, जगण्याचं मोल, अध्यात्म, अशा बाजूंनी ती विचारते. पण त्याच दोघांनी सतत सांगितलं आहे की ही वाढ आघात करत नाही, त्याच्याशी झगडताना ती एखाद्याची होते. झाली तरी दुःख तिच्या शेजारी तसंच राहू शकतं. आणि झाली नाही म्हणजे माणूस नापास झाला असं नाही. मराठीत येता येता यातला पहिला भाग तेवढा आला, पुढचे वाटेत गळाले. आता आजारी माणसावर दोन कामं पडतात: बरं व्हायचं, आणि वर सुधारायचंही.

वाळवा तालुक्यातल्या एका शिक्षिकेची गोष्ट सांगते. स्तनाचा कर्करोग, एक स्तन काढलेला. नवरा भला माणूस, सुट्ट्या टाकून सगळीकडे घेऊन फिरला. पण त्याने कुठेतरी वाचलं होतं की नकारात्मक विचारांनी कर्करोग वाढतो. बाई रडली की तो घाबरायचा, "रडू नकोस, परत येईल." म्हणजे रडायची चोरी, आणि वर रडलो म्हणून आजार परतला तर तो गुन्हाही आपलाच. माझ्याकडे आली तेव्हा ती बाथरूममध्ये नळ सोडून रडत होती आणि त्या पाण्याच्या बिलाचंही वाईट वाटून घेत होती.

मी दोघांना समोर बसवून सांगितलं ते इथेही सांगते, कारण हा समज फार पसरला आहे. मनाच्या ठेवणीने कर्करोगात आयुष्य वाढतं का, यावरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००२ साली आला. लढाऊ वृत्तीने माणूस जास्त जगतो किंवा हताश वृत्तीने आजार परततो, असा सातत्याचा पुरावा त्यात सापडला नाही. पुढे २००७ मध्ये जेम्स कॉइन आणि सहकाऱ्यांनी डोकं आणि मान यांच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांची माहिती तपासली. भावनिक स्थिती चांगली होती की वाईट, त्यावरून कोण किती जगेल हे ठरत नव्हतं. खिन्नतेवर उपचार करायचे ते दिवस बरे जावेत म्हणून, जेवण-झोप-औषधं नीट व्हावीत म्हणून. रडण्याने पेशी वाढत नाहीत. हे ऐकून नवरा आधी रडला.

वर्षभराने ती बाई बदलली होती, हे खरं. गौरीच्या सणाला सगळ्या भावकीचा स्वयंपाक एकटीने करायची, तो तिने बंद केला. मोठ्या जावेशी बोलणं टाकलं. शाळेतल्या निवडणुकीच्या कामाला पहिल्यांदा लेखी हरकत घेतली. नवरा मला म्हणाला, "मॅडम, बरी झाली पण बिघडली." माझ्या मते ही त्या २१ विधानांतल्या निदान तीन-चारांत बसणारी भरभक्कम वाढ आहे. पण संपादक महोदय, ही कहाणी आपल्या पुरवणीत येणार नाही. जावेनेही पेपर घेतलेला असतो.

आणि ज्यांच्यात काहीच बदलत नाही, त्यांचं काय? बायपासनंतर पुन्हा त्याच पेढीवर, त्याच शिव्या देत बसलेले एक आडते माझ्या माहितीचे आहेत. तंबाखू सुटली, बाकी माणूस जसाच्या तसा. त्यांच्या मुलाला याचं वाईट वाटतं. मला वाटत नाही.

सोबतच्या माणसांविषयी आपल्याकडे फारच कमी लिहिलं जातं. मिरजेच्या कुठल्याही दवाखान्याच्या पायऱ्यांवर दुपारी बसून बघा. हातात फाईल आणि पाण्याची बाटली धरलेली ती माणसं पेशंटपेक्षा खचलेली दिसतील. त्यांच्या चिंतेचा मोठा भाग पैशाचा असतो, आणि तो ते मनाच्या त्रासासारखा सांगतात: छातीत दडपण, भूक नाही, झोप नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो. आपला आजार आणि आपला दवाखाना यादीत आहे का, कागद कोणते लागतात, हे त्याच्यापाशी अर्धा तास बसून समजून घेतल्यावर एका बाईची भूक परतलेली मी पाहिली. तिला माझी गरज नव्हती. मी तसं सांगून फी परत केली, तर ती म्हणाली, राहू द्या, बोलल्यावर बरं वाटलं.

एक गोष्ट मथळ्यांबद्दल. निधनाच्या बातमीत "कर्करोगाशी झुंज अपयशी" असं छापलं जातं. आपणच नव्हे, सगळेच छापतात. वडील गेल्यावर एक कॉलेजातली मुलगी ते कात्रण घेऊन माझ्याकडे आली होती. तिने विचारलं, "म्हणजे बाबा कमी पडले का?" बाबांनी सगळ्या केमो घेतल्या होत्या, एकही तारीख चुकवली नव्हती. मग कोण कमी पडलं? "दीर्घ आजाराने निधन" हे जुनं वाक्य काही वाईट नव्हतं. त्याला तेवढीच जागा लागते.

तेव्हा माझी मागणी अशी. त्या कहाण्या बंद करू नका, काहीजणांना त्यांनी खरंच धीर येतो. पण अधूनमधून अजून आजारी असलेल्या माणसालाही बोलतं करा, ज्याच्यापाशी सांगण्यासारखा शेवट नाही. सोबतच्या बाईला विचारा ती काय खाते, कुठे झोपते. प्रश्न विचारताना "आजाराने काय शिकवलं?" हा गाळा, कुणाला सांगायचं असेल तर तो आपणहून सांगतो. आणि प्रत्येक वेळी खाली चौकटीत दोन गोष्टी द्या. एक, केंद्र सरकारची टेलि-मानस ही मदतवाहिनी: क्रमांक १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. दुसरी, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मनाच्या आजारासाठीही शरीराच्या आजारासारखाच विमा द्यायला सांगितलं आहे. ज्यांच्याकडे मेडिक्लेम आहे अशा किती घरांना हे ठाऊक असतं, ते एकदा आपल्याच कचेरीत विचारून बघा.

पत्र लांबलं, याची मला कल्पना आहे. जागा कमी पडली तर माझ्या आजाराचा मजकूर खुशाल कापा, आमच्या घरातल्या वडीलधाऱ्या बाई आपल्याला दुवा देतील. १४४१६ तेवढा ठेवा, आणि तो ठळक टाईपात घ्या; म्हातारी माणसं बारीक अक्षर वाचत नाहीत.

आपली,
एक मानसोपचारक, विश्रामबाग, सांगली
(नाव आणि पत्ता आपल्या माहितीसाठी वेगळा जोडला आहे. माझ्या नावाने माझ्याकडे येणारे ओळखले जातील, म्हणून तो छापू नये, ही विनंती.)